डबे उलगडणारे अण्णा

बनशंकरीतल्या या घरात आम्ही राहायला आलो, त्या संध्याकाळी मी खाली घरमालकांकडे म्हैसूरपाकाचा डबा घेऊन गेलो. घरमालक व्यंकटराव, म्हणजे अख्ख्या गल्लीचे अण्णा. त्यांनी म्हैसूरपाक न बघताच एका ताटलीत उपडा केला आणि रिकाम्या डब्याचे चिकटवलेले कोपरे नखाने सोडवायला घेतले. मी समोर बसलोय, माझं नाव काय, भाडं किती, कशाचं त्यांना भान नव्हतं. बघता बघता डबा टेबलावर सपाट पडला. अण्णांनी त्यावरून तळहात फिरवला.

"बघा पुणेकर, कसा ऐटीत बसला होता! उघडल्यावर काय? सहा चौकोन आणि चिकटवायच्या पट्ट्या. अष्टे!"

'अष्टे' म्हणजे कन्नडमध्ये 'एवढंच'. अण्णांच्या घराण्याची मुळं साताऱ्याकडची, पण ती इथल्या मातीत इतक्या पिढ्यांपूर्वी रुजलीत की त्यांच्या मराठीत कन्नड कुठे सुरू होतं हे त्यांनाही सांगता यायचं नाही. टूथपेस्टचं खोकं असो, औषधाचं असो, नाहीतर जावयाने आणलेल्या महागड्या बुटांचं, अण्णा म्हणणार, "स्वल्प उघडून बघू." बूट बाजूला राहायचे.

नोकरी त्यांनी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात केली. कुठल्याही वस्तूचं चित्र वरून, समोरून आणि बाजूने, असं तीनदा काढायचं, हा त्यांचा जन्मभराचा धंदा. निवृत्त झाल्यावर वस्तू संपल्या, म्हणून त्यांनी माणसं घेतली. घराच्या दलालाबद्दल ते मला म्हणाले होते, "समोरून बरा आहे हो. बाजूने बघितलं की पोट कळतं. आणि वरून बघायची वेळ येऊ नये, टक्कल आहे." माझी तीन चित्रं त्यांनी कशी काढली असतील, हे मी आजवर विचारलेलं नाही.

आता स्पष्टच सांगतो. हा माणूस मला आवडत नव्हता, आणि त्याचं कारण म्हणजे माझी मुलगी सई.

सई सातवीत. आजवर आमच्या घरात गणिताचा शेवटचा शब्द माझा असायचा. मी इंजिनीअर, दिवसभर दहा जण मला "सर, हे कसं करायचं?" विचारतात. त्यामुळे सईला पृष्ठफळाचा धडा लागला तेव्हा मी कंपनीचा कॉल बंद करून बसलो, सूत्र लिहून दिलं, पाठ करून घेतलं. पहिल्याच परीक्षेत झाकण नसलेल्या डब्याचं गणित आलं. बाईसाहेबांनी माझं सूत्र तसंच्या तसं घालून झाकणासकट उत्तर काढलं आणि शून्य घेऊन घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी ती खाली गेली. तासाभराने वर आली ती हातात मिठाईचा उलगडलेला डबा नाचवत.

"बाबा, ही बघ नेट! डबा उघडला की सगळ्या बाजू समोर दिसतात. झाकण नाही, तर एक चौकोन काढून टाकायचा. पाठ कशाला करायचं?"

"माझ्या मराठी शाळेत याला घडण म्हणायचे," मी म्हणालो. "मला येतं ते."

"मग सांगितलं का नाहीस?"

माझी बायको मीनल हसली, आणि ते हसू मला जास्त लागलं.

त्यानंतर रोज "अण्णांना विचारते", "अण्णा म्हणाले", "अण्णांकडे त्रिकोणी डबा आलाय" सुरू झालं. जेवताना मी काही सांगायला लागलो की सई पोळी उचलून वरून, समोरून आणि बाजूने बघायची. माझा जळफळाट होत होता. मी हट्टाने ऑनलाइन चांगला महागडा संच मागवला. शंकू, घन, लोलक, सगळे पारदर्शक प्लॅस्टिकचे आणि उघडझाप होणारे. सईने तो बाहेर काढला, "थँक्यू बाबा" म्हणाली, आणि संच ज्या खोक्यातून आला होता ते खोकं घेऊन खाली धावली. संच अजून कपाटावर आहे.

अशात दसरा आला. इकडच्या जुन्या घरांतून नवरात्रात बाहुल्या मांडतात. पायऱ्या रचायच्या, त्यांवर पांढरं कापड घालायचं आणि राजा-राणीपासून वाण्याच्या दुकानापर्यंत सगळी बाहुल्यांची दुनिया बसवायची. अण्णांच्या पायऱ्या म्हणजे एकावर एक, एकाला लागून एक ठेवलेल्या लाकडी पेट्या. त्यांचं कापड उंदरांनी कुरतडलं होतं. नवं किती लागेल, याचा हिशोब खाली सई आणि अण्णा करणार होते.

मला वाटलं, हीच संधी. मी कुणाला न सांगता पेट्यांची मापं घेतली, लॅपटॉपवर तक्ता मांडला, प्रत्येक पेटीचं पृष्ठफळ काढून बेरीज केली आणि थेट चिकपेटेत कापड आणायला गेलो. दुकानदाराने ठाण उलगडता उलगडता विचारलं, "मंटपाला का सार?" मंटप म्हणजे मांडव. मला वाटलं, थट्टा करतोय.

मी गठ्ठा खांद्यावर घेऊन अण्णांच्या दारात उभा राहिलो. अण्णांनी तो वरून बघितला, समोरून बघितला, बाजूने बघितला.

"वैनी," त्यांनी जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "या की खाली! पुणेकरांनी पेट्यांना आतून पण नेसवायचं ठरवलंय."

एकमेकींना चिकटलेल्या, जमिनीला टेकलेल्या, कुणाला कधीच न दिसणाऱ्या सगळ्या बाजूंना मी कापड आणलं होतं. सईने मला समजावलं, आणि तेही फार मायेने, जसं चुकलेल्या मुलाला समजावतात. "बाबा, समोर उभा राहा. सगळ्या उभ्या बाजू मिळून एकच मोठा चौकोन दिसतो ना? आता वरून बघ. सगळ्या आडव्या मिळून दुसरा. शिवाय डावी-उजवी अशा दोन बाजू. झालं!"

"अष्टे!" अण्णा म्हणाले, आणि दोघांनी टाळी दिली.

त्या टाळीने माझं डोकं फिरलं. वर येऊन मी मीनलला सांगितलं की आपण एचएसआर लेआउटमध्ये घर बघतोय, ऑफिस जवळ पडेल. "ऑफिस?" ती एवढंच म्हणाली. बाहुल्या मांडायच्या पहिल्या संध्याकाळी मी घर सोडायचं सांगायला खाली उतरलो.

अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून, दाराकडे तोंड करून बसले होते. मागे पायऱ्यांवर बाहुल्या नीट मांडलेल्या. सई कपडे बदलायला वर गेली होती. टेबलावर पुठ्ठ्याचे छोटे छोटे डबे रांगेने ठेवलेले, अण्णांनी घरीच कापून घडवलेले, आणि प्रत्येकात कोब्बरी मिठाई, म्हणजे खोबऱ्याची वडी, आणि चकली.

"अण्णा, बोलायचं होतं," मी म्हणालो.

"पुट्टीबद्दल ना, तुमच्या पोरीबद्दल? मला माहितेय, तुम्हाला राग येतो." मी काही बोलणार तोच त्यांनी हात वर केला. "ती माझ्याकडे शिकायला येत नाही हो. चुकायला येते. तुमच्यासमोर चुकायची तिला भीती वाटते. इथे चुकून चुकून बरोबर आलं की मग वर धावते, तुम्हाला दाखवायला. मला कधी थांबून दाखवत नाही."

विषय बदलायला मी विचारलं, "एवढे डबे कुणासाठी?"

"पोरांसाठी. आमची शारदा होती तेव्हा गल्लीतली सगळी पोरं यायची. दारात उभी राहून ओरडायची, 'गोंबे कूर्सिदीरा?' बाहुल्या मांडल्यात का, म्हणून. ती प्रत्येकाच्या हातात डबा द्यायची. डबे मी करायचो, वाटायची ती." अण्णांनी एक डबा उगाच सरळ केला. "शारदा गेली. पोरं पण मोठी झाली, फ्लॅटमध्ये गेली. गेल्या वर्षी कोणी आलं नाही. चकल्या मीच खाल्ल्या महिनाभर."

"मग यंदा कशाला केलेत?"

"कोणी आलं तर? रिकाम्या हाताने पाठवायचं का?"

एवढं बोलून ते पुन्हा दाराकडे बघायला लागले. मी उठलो. "सरी, बरं तर पुणेकर," ते म्हणाले, मला निरोप दिल्यासारखं. मी बाहेर गेलो, चपलांपाशी थांबलो. मला स्वतःची भयंकर लाज वाटत होती, आणि कन्नड तर मला रिक्षापुरतंच येतं. तरी वळलो आणि उंबऱ्याबाहेर उभा राहून, डोक्यावरचे पिकलेले केस विसरून, जेवढ्या मोठ्याने जमेल तेवढ्या मोठ्याने ओरडलो, "गोंबे कूर्सिदीरा?"

अण्णा गुडघ्यावर हात टेकत उठले, रांगेतला पहिला डबा दोन्ही हातांत धरून दारापर्यंत आले. "कूर्सिदीवी," ते म्हणाले. "मांडल्यात. बा मगा, ये बाळा, ये."

मी दोन्ही हात पुढे केले. तेवढ्यात परकर सावरत सई जिन्यावरून खाली आली आणि माझ्या हातातला डबा बघून जागच्या जागी थांबली. तिचं तोंड एवढंसं झालं.

"अण्णा! पहिला डबा बाबाला? पहिली मी येणार होते!"

मी डबा उघडला, चकलीचा तुकडा मोडला आणि तिच्यासमोर उभा राहून अगदी सावकाश खाल्ला.