नंदिनीचा ताप

मंगळवार पेठेतल्या सयाजी मास्तरांच्या खोलीत रोज पहाटे एक चोरी चालायची. अंथरुणातून उठायच्या आधी नंदिनी थर्मामीटर तोंडात धरायची आणि मास्तर पाऱ्याचा आकडा कॅलेंडरमागे लपवलेल्या आलेखावर टिंब देऊन मांडायचे. लग्नाला सात वर्षं झाली होती; मूल नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी कृत्रिम गर्भधारणेचा उपाय सुचवला होता.

"पारा खाली उतरेल त्याच दिवशी अकराच्या आत दोघंही या. चुकलं की महिना गेला."

दोन महिने असेच गेले होते. आता हे शेवटचं, असं नंदिनीनं मनाशी ठरवलं होतं. आणि आईला, म्हणजे धोंडुबाईंना, यातलं अक्षर कळू द्यायचं नाही, असं मास्तरांनी!

पण एका पहाटे धोंडुबाईंनी थर्मामीटर पाहिलाच.

"काय गं, ताप हाय व्हय?"

"थोडी कणकण आहे, आत्याबाई."

झालं! गवती चहाचा काढा आला, दोन घोंगडी आली, शेजारच्या शालूबाई तर उशाशी येऊन बसल्या त्या उठल्याच नाहीत.

आठवड्याने पारा उतरला. नंदिनी हसतच साडी नेसली, तर धोंडुबाई दारात आडव्या.

"ताप उतरल्या उतरल्या भाईर? उलटंल की! गप पड."

दहा वाजले. नंदिनीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"वात झालाय बघा," शालूबाई म्हणाल्या.

शेवटी मास्तरांनी आईला आत नेलं, कॅलेंडर उलटं केलं आणि खाली मान घालून सगळं सांगितलं. धोंडुबाई मुलाचा हात धरून त्याला परसातल्या गोठ्यात घेऊन गेल्या. दारामागे खडूच्या रेघाच रेघा होत्या.

"धा वर्सांत म्हशीच्या माजाचा एक दिस चुकू दिला न्हाई म्या. सरकारी डॉक्टरला येळंवर बोलावलं. आन सुनंचा दिस माझ्यापास्नं लपवतोस?" त्यांनी मुलाला दाराकडे ढकललं. "जा, रिक्षा आण."

मग बाहेर येऊन त्या ओरडल्या, "शालूबाई, सरका! पोरीचा ताप लई वाढलाय!"

रिक्षा अकराच्या आत दवाखान्यात पोचली. दुसऱ्या दिवशी पारा चढला. अठरा दिवस तसाच राहिला तर दिवस राहिले समजा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं. धोंडुबाई गोठ्यात रोज एक रेघ ओढू लागल्या.

अठराव्या सकाळी शालूबाई काढा घेऊन हजर. "अजून उतरला न्हाई ताप?"

"उतरायचं नाव काढशील तर बघ!" धोंडुबाई कडाडल्या, आणि पदराने डोळे पुसत खडू शोधायला गेल्या.