फ्रिजमधला दक्षिण समुद्र

शेवाळबाईंनी फ्रिजमधलं दूध, लोणी, भाज्या आणि सासऱ्यांचं डोळ्यांत घालायचं औषध असं सगळं बाहेर काढलं आणि तिथे समुद्र ठेवला.

समुद्र दक्षिण ध्रुवाजवळचा होता, बाटल्यांत भरलेला. त्यात नुसत्या डोळ्यांना न दिसणारं शेवाळ होतं. ध्रुवाकडच्या समुद्रात अशा शेवाळाच्या किती जाती नांदतात, हे शोधण्यात बाईंची उमेदीची वर्षं गेली होती. म्हणून सगळी इमारत त्यांना शेवाळबाई म्हणायची, तेही तोंडावर. त्यांच्या संशोधन संस्थेतल्या शीतगृहाने आदल्या संध्याकाळी मान टाकली होती आणि दुरुस्तीवाला आज येणार होता. तोवर जरा दम धरा, असं ध्रुवावरच्या जिवांना सांगायची सोय नव्हती.

"अप्पा, मी निघते. फ्रिज उघडायचा नाही," त्या सासऱ्यांना म्हणाल्या.

"आणि माझं औषध?"

"खिडकीत ठेवलंय."

"ते थंड जागी ठेवायचं असतं."

"आजच्या दिवस डोळे मिटून पडा."

एकदा जबाबदारी अंगावर घेतली की अप्पा ती शेवटपर्यंत सोडत नसत. घरच्यांची त्यांच्याविषयी मुख्य तक्रार हीच होती. ते फ्रिजसमोर खुर्ची टाकून बसले. थोड्या वेळाने वीज गेली. अप्पांनी वाट पाहिली, फ्रिजच्या दाराला कान लावला, सुनेला फोन केला. सूनबाई शीतगृहाच्या जाड भिंतींआड दुरुस्तीवाल्याच्या डोक्यावर उभ्या होत्या, तिथे फोन लागत नव्हता. समुद्र कोमट होणार, हे अप्पांनी ताडलं आणि सगळ्या बाटल्या उचलून शेजारच्या केककाकूंकडे नेल्या. काकू घरी केक करून विकायच्या. त्यांच्याकडे काचेच्या दाराचा मोठा फ्रिज होता आणि वीज गेली तरी तो इन्व्हर्टरवर चालायचा.

"ठेवा की अप्पा," काकू क्रीम फेटता फेटता म्हणाल्या. "आपलंच घर आहे."

दुपारी शीतगृह सुरू झालं. बाई बाटल्या न्यायला आल्या, तेव्हा अप्पांनी छाती फुगवून सगळी हकिगत सांगितली. बाईंनी काकूंचा फ्रिज उघडला आणि बाटल्या मोजल्या. एक बाटली कमी होती. तीसुद्धा बर्फाच्या अगदी कडेची, शेवाळाच्या दाटीने पाणी तपकिरी झालेली, जी भरून घेताना बोट लागलेल्या बाईंनी एका हाताने जहाजाचा कठडा धरला होता आणि दुसऱ्या हाताने स्वतःचं पोट.

"काकू, इथली तपकिरी पाण्याची बाटली?"

"ते माझं कॉफीचं पाणी गं. केकवर शिंपडायला केलेलं."

"कॉफीचं पाणी हे काय मागे आहे."

काकूंनी मागे पाहिलं. मग पुढे पाहिलं. मग हातातला चमचा खाली ठेवला.

"बाटलीवर चिठ्ठी होती, काकू!"

"चिठ्ठ्या कोण वाचतं? मी रंग बघते."

"केक कुठाय?"

"गेला की! तुमच्या साहेबांच्या निरोपाचा. तूच नाही का ऑर्डर मिळवून दिलीस?"

बाई टॅक्सीत बसल्या तेव्हा त्यांना रडू येत होतं. अर्ध्या वाटेत मात्र डोकं ताळ्यावर आलं. या शेवाळाचा एकेक जीव काचेसारख्या इवल्याशा डबीत राहतो. जीव गेला तरी डबी उरते आणि तिच्यावरच्या नक्षीवरून जात ओळखता येते. साखर, क्रीम, लोणी यांनी त्या डबीचं काही बिघडत नाही. म्हणजे नमुना हरवला नव्हता, त्याचे फक्त काप झाले होते. आणि ते कुणीतरी खात होतं.

संस्थेच्या सभागृहात बशा वाटून झाल्या होत्या. बाई रिकामी बर्फाची पेटी घेऊन आत घुसल्या आणि त्यांनी हिशेबनिसाच्या तोंडाजवळचा चमचा धरला.

"गिळू नका! या केकमध्ये माझा नमुना आहे."

मासे विभागाच्या प्रमुखांनी शास्त्रज्ञाला साजेसा प्रश्न विचारला, "जिवंत की मेलेला?"

"सकाळपर्यंत जिवंत होता."

यानंतर कुणाची समजूत काढावी लागली नाही. बशा आपण होऊन पेटीकडे आल्या. एकटे संचालक तेवढे शांतपणे खात होते. आजवर बाईंच्या कामाबद्दल त्यांनी "बघू" यापलीकडे शब्द काढला नव्हता.

"सर, तेवढा तुकडा..."

"बाई, निरोप माझा आहे." त्यांनी बशी चाटूनपुसून साफ केली आणि पुढे केली. "नेहमीसारखा गोडमिट्ट नाही. आणखी आहे?"

बाईंनी पेटीकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि जड हाताने कडेचा एक तुकडा वाढला. देताना त्यावरचं फूल मात्र काढून घेतलं.

पुढे कितीतरी दिवस त्या केक धूत होत्या. क्रीम गेलं, लोणी गेलं, आणि अखेर सूक्ष्मदर्शकाखाली डब्या चमकल्या. काही गोल, काही होडीसारख्या, काही एकमेकींचे हात धरून रांगेत उभ्या. जिवंत बघायच्या राहिल्या त्या राहिल्याच, पण जातींची ओळख पटली. शोधनिबंधात हे कसं मांडावं, यावर बाईंनी बराच विचार केला आणि लिहिलं, "नमुना काही काळ गोड माध्यमात होता." परीक्षकांनी त्यावर काही विचारलं नाही.

विचारलं ते केककाकूंनी. एका सकाळी त्या दारात उभ्या राहिल्या, चेहरा पडलेला.

"अगं, तुझे ते माजी साहेब. नातवाच्या वाढदिवसाला तस्साच केक हवाय म्हणे. मी मीठ घालून नमुना पाठवला, तर म्हणाले, ही ती चव नाही. तू परत कधी जाणार आहेस तिकडे?"

"पुढच्या वर्षी. तिथला बर्फ फुटायला लागला की."

काकूंनी मनाशी हिशेब केला.

"चालेल," त्या म्हणाल्या. "तोवर त्यांना व्हॅनिला देते."