माउसला लागणारी जागा

शाळेला संगणकाची वीस टेबलं करून हवी होती. मुख्याध्यापिकाबाईंची अट एकच: टेबलाचं चित्र सुतारानं पाच वाजायच्या आत शाळेच्या वेबसाइटवर स्वतःच्या हातानं पाठवायचं. ज्यानं कधी माउस धरला नाही, तो त्याचं टेबल काय करणार, असं त्यांचं म्हणणं. मिस्त्री इरेला पेटले. दोन वर्षांत एवढं मोठं काम दाराशी आलं नव्हतं.

सकाळी सूनबाईनं शिकवणी घेतली. मिस्त्रींच्या जड हातात पडद्यावरचा बाण सैरावैरा पळायला लागला, म्हणून तिनं त्याचा वेग पार तळाला नेऊन ठेवला.

"बाबा, चित्र जोडून ठेवलंय. बाण 'पाठवा'वर न्यायचा आणि बटण दाबायचं. आणि माउस सारखा उचलू नका, टेकवूनच सरकवा," असं सांगून ती कामावर गेली.

चार वाजता मिस्त्री बसले. रंधासुद्धा मध्येच उचलायचा नसतो, त्यामुळे सूनबाईचं म्हणणं त्यांना मनापासून पटलं होतं. माउस सरकत सरकत टेबलाच्या काठाला आला. बाण अजून डाव्या कोपऱ्यातच घुटमळत होता.

"टेबल आखूड पडतंय," मिस्त्री म्हणाले.

"सूनबाईला येऊ द्या ना," बायको म्हणाली.

"ती सहाला येते."

त्यांनी टेबलाला फळी जोडली. ठोकताना माउस हलू नये म्हणून बायकोनं तो दोन्ही हातांनी धरून ठेवला. फळी संपली तेव्हा बाण जेमतेम निम्म्यावर होता. दुसरी फळी दारातून थेट जिन्यात निघाली आणि मिस्त्रीही तिच्यासोबत निघाले. माउस बिनवायरचा होता, एवढंच काय ते नशीब. आता पडदा दिसेना, म्हणून बायको आत बसली.

"कुठे आलाय?"

"'रद्द करा'वर."

"दाबू?"

"खबरदार. अजून वीतभर पुढे."

वरच्या मजल्यावरची बाई भाजीची पिशवी घेऊन अडकली होती. "मी खालून जाऊ का?"

"जा, पण धक्का लावू नका."

पाचाला तीन मिनिटं असताना बायको म्हणाली, "दाबा." चित्र गेलं. मिस्त्रींना इतका आनंद पहिली खुर्ची विकली तेव्हाही झाला नव्हता. ते जिन्यातच बसले.

तेवढ्यात मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. "चित्र पोचलं. माउसला फूटभर जागा दाखवलीय तुम्ही. पुरेल ना?"

मिस्त्रींनी जिन्यातल्या फळीकडे पाहिलं. हो म्हटलं की काम हातात होतं. पण चुकीचं माप त्यांनी जन्मात कुणाला दिलं नव्हतं.

"नाही पुरणार," ते म्हणाले. "आठ फूट दोन इंच लागतात. आत्ताच मोजलंय."

 मग बाईंनी सगळं खोदून खोदून विचारलं आणि मिस्त्रींनी फळ्यांसकट सांगितलं.

"बाकी तीन सुतारांनीही फूटभरच दाखवलीय," बाई म्हणाल्या.

"त्यांनी मोजलंय?"

"छे. त्यांची चित्रं त्यांच्या मुलांनी पाठवली." बाईंचा आवाज जरा विचित्र येत होता. "काम तुमचं. फक्त मापं घ्यायला याल तेव्हा सूनबाईंना सोबत आणा."