ग्लेनिसचं अर्धं छप्पर

पेलिकन हेड या आमच्या किनाऱ्यावरच्या गावात घरांची टंचाई नाही. घरं भरपूर आहेत, फक्त त्यांत राहायला कुणी नसतं. शहरातल्या लोकांनी ती सुट्टीसाठी घेऊन ठेवली आहेत. ईस्टर ते ख्रिसमस त्यांच्या खिडक्यांत दिवे आपोआप लागतात आणि आपोआप विझतात, आत कुणीतरी आहे असं चोरांना वाटावं म्हणून. टंचाई आहे ती गावात काम करणाऱ्यांना परवडतील अशा घरांची. बाब गंभीर असल्यामुळे गावातल्या जाणत्या माणसांनी ती हाती घेतली आणि ‘सर्वांसाठी छप्पर’ ही ना-नफा संस्था स्थापन झाली.

संस्थेला दिशा द्यायला एक मंडळ होतं. अध्यक्ष नेव्हिल स्ट्रिकलँड बँकेतून निवृत्त झालेले आणि बोलिंग क्लबचे तहहयात प्रमुख. लोरेटा व्हास घरं भाड्यानं देण्याची एजन्सी चालवायची, आणि सुट्टीची ती बहुतेक घरं तिच्याच ताब्यात होती. तिसरे फादर क्लेमेंट. चर्चमागच्या प्रशस्त दगडी बंगल्यात ते एकटेच राहत, कारण तिथे पाद्र्यानं राहावं अशी परंपरा होती. घरांच्या प्रश्नाचा तिघांचाही दांडगा अभ्यास होता, कारण तिघांकडेही घरं होती.

मंडळाची सभा बोलिंग क्लबच्या मागच्या खोलीत भरे. आमच्याकडे सभा कसलीही असो, प्रत्येकानं घरी केलेल्या खाण्याची एक थाळी आणायची असते. दुकानातली बिस्किटं आणणाऱ्याला कुणी काही बोलत नाही, आणि ते न बोलणं त्याच्या दोन पिढ्यांना पुरतं. अशा अनेक सभांतून मंडळानं संस्थेचं ध्येय ठरवलं, बोधचिन्ह ठरवलं, ते बदललं, आणि बदललेलं बोधचिन्ह सगळ्यांना रुचेना म्हणून ध्येय बदललं. वीट तेवढी लागायची राहिली होती.

आणि मग सरकारी अनुदान मंजूर झालं. सहा फ्लॅट बांधून होतील एवढं. अट एकच होती: मंडळावर एक स्वानुभवी सदस्य हवा. म्हणजे बेघर असण्याचा ज्याला स्वतःचा अनुभव आहे असा. पूर्वी कधीतरी बेघर असलेला चालणार नव्हता. चालू स्थितीतला हवा होता.

मंडळ अडचणीत आलं, कारण तिघांच्या ओळखीत बेघर माणूस कुणी नव्हता. नेव्हिलनी गोल्फच्या मैदानावर चौकशी करून पाहिली. तिथेही कुणी आढळलं नाही.

“मला एक माहीत आहे,” लोरेटा म्हणाली. “ग्लेनिस पर्ड्यू. शाळेची बस चालवते. नीटनेटकी आहे, वेळेची पक्की आहे. मीच तिला घराबाहेर काढलं होतं, त्यामुळे ओळख चांगली आहे.”

ते खरं होतं. बँक्सिया स्ट्रीटवरच्या घरात ग्लेनिस कितीतरी वर्षं भाड्यानं राहत होती. घरमालकाला पर्यटक ठेवायचे होते. लोरेटानं तिला घर सोडायला इतक्या गोड शब्दांत सांगितलं होतं की ग्लेनिसनं जाताना खिडक्या पुसून दिल्या. तेव्हापासून ती आपल्या जुन्या स्टेशन वॅगनमध्ये, मागच्या सीट पाडून केलेल्या गादीवर, गस नावाच्या कुत्र्यासोबत झोपायची. ‘सर्वांसाठी छप्पर’च्या प्रतीक्षा यादीत तिचं नाव पहिलं होतं. ते इतकी वर्षं पहिलं होतं की यादीला मान मिळावा म्हणून ते तिथे घातलंय असं काहींना वाटायचं.

मंडळावर बोलावणं आलं तेव्हा ग्लेनिसला वाटलं, चला, घर जवळ आलं. पहिल्याच सभेत तिनं सांगून टाकलं की तिला फार काही नको. आतून कडी लावता येईल असं एक दार आणि एक ओव्हन, बस. थाळी म्हणून तिनं गाडीतल्या गॅसच्या शेगडीवर भाजलेले टोस्ट आणले होते, व्हेजिमाइटचा तो काळा खारट लेप लावून, त्रिकोणी कापून. फादर क्लेमेंटनी आवर्जून दोन घेतले. परिस्थितीचा विचार करता फारच छान झालेत, असंही ते म्हणाले.

टोस्ट संपल्यावर नेव्हिलनी घसा साफ केला.

“ग्लेनिस बाई, एक बारीकशी अडचण आहे. तू आता मंडळावर आलीस. मंडळावरच्या माणसानं संस्थेचंच घर घ्यायचं म्हणजे लोक काय म्हणतील?”

“म्हणतील, बरं झालं, बिचारीला घर मिळालं.”

“तसं नाही गं. हितसंबंध येतो. तुझं नाव यादीतून काढावं लागेल.”

“मग मला मंडळावरून काढा.”

“तुला काढलं की अनुदान गेलं. अनुदान गेलं की फ्लॅट गेले. फ्लॅटच नसले तर तुला देणार काय?”

यात खोट काढता येण्यासारखं काही नव्हतं. ग्लेनिसनं फक्त एवढंच विचारलं की लोरेटाकडे एवढी घरं सुट्टीवाल्यांसाठी अडकून पडली आहेत, तो हितसंबंध नाही का? त्यावर फादर क्लेमेंटनी तिला प्रेमानं समजावलं. घर असणं हा अनुभव असतो, नसणं हा हितसंबंध.

पुढचं नियमाप्रमाणेच झालं. ज्याचा हितसंबंध आहे त्यानं त्या विषयावर चर्चा चालू असताना खोलीबाहेर जायचं असतं. मंडळाचा एकूण एक विषय घरांचा असल्यामुळे ग्लेनिस प्रत्येक सभेला यायची, थाळी ठेवायची, ‘मला घर नाही’ असं रीतसर जाहीर करायची आणि बाहेर जाऊन गाडीत बसायची. पण ती पूर्ण गेली तर मंडळात स्वानुभव उरत नव्हता आणि सभा बेकायदा ठरत होती. तेव्हा असं ठरलं की तिनं गाडी बरोबर सभेच्या खोलीच्या खिडकीखाली लावावी आणि गाडीची काच चार बोटं उघडी ठेवावी. मतदानाच्या वेळी नेव्हिल खिडकीतून डोकं बाहेर काढून ठराव वाचायचे. एक हॉर्न म्हणजे होकार, दोन म्हणजे नकार. ग्लेनिस बहुतेक वेळा दोनदा वाजवायची. इतिवृत्तात त्याची नोंद ‘रस्त्यावर वाहतुकीचा आवाज’ अशी होत असे.

जून उजाडला, म्हणजे आमच्याकडे हिवाळा. समुद्रावरून येणारा वारा गाडीच्या काचांना आतून ओल आणू लागला. ग्लेनिस सहज बोलून गेली की थंडी फारच झाली तर ती थोडे दिवस बहिणीकडे जाऊन राहील. मंडळाच्या पायाखालची जमीन सरकली. अनुदानवाल्यांचा मूल्यांकन अधिकारी ऑगस्टमध्ये यायचा होता, आणि ऐन वेळी आपला स्वानुभवी सदस्य कुणाच्या तरी घरात गरम पांघरुणात सापडला तर संस्थेची अब्रू गेली असती. फादर क्लेमेंट तिला भेटायला गेले. त्यांनी तिची चौकशी केली, गसला कुरवाळलं, आणि घरात झोपण्याचा मोह झालाच तर मनात कुढत न बसता आपल्याशी मोकळेपणानं बोल, असं सांगितलं.

“फादर, तुमच्या बंगल्यात खोल्या किती?” तिनं विचारलं.

फादर म्हणाले की त्यांनी त्या मोजलेल्या नाहीत, कारण ती मालमत्ता देवाची आहे.

तरी मंडळ काही दगडाच्या काळजाचं नव्हतं. चर्चच्या बायकांनी ग्लेनिससाठी गोधडी शिवली. समुद्रस्नानवाल्यांच्या क्लबानं न्हाणीघराची किल्ली दिली. गाडीत झोपणाऱ्यांना नगरपालिकेचा माणूस पहाटे काचेवर टकटक करून उठवतो, त्याला मंडळानं सांगून ठेवलं की ही गाडी संस्थेच्या कामावर आहे. बोलिंग क्लबच्या गाडीतळावर तिच्यासाठी एक जागा राखून पितळी पाटी लावण्यात आली: ‘स्वानुभवी सदस्य. इतरांनी गाडी लावू नये.’ आणि एका शनिवारी क्लबातल्या म्हाताऱ्यांनी पदरचे खांब आणि पत्रे आणून त्या जागेवर छप्पर उभारलं. आम्ही सगळे बघायला गेलो होतो. नेव्हिलना भरून आलं. संस्थेच्या इतिहासातलं हे पहिलं छप्पर होतं.

सोमवारी लोरेटाला शंका आली. सदस्याच्या डोक्यावर छप्पर असेल तर ती बेघर कशी?

वकिलाचा सल्ला घेतला गेला. वकील म्हणाला, छप्पर पूर्ण काढणं निर्दयपणाचं दिसेल आणि पूर्ण ठेवणं अटीचा भंग ठरेल. म्हणून अर्धं काढण्यात आलं. पुढची बाजू झाकलेली राहिली. मागची, जिथे ग्लेनिस झोपायची, ती उघडी झाली. म्हणजे इंजिन घरात आणि ग्लेनिस बेघर. तिनं गाडी उलटी लावून पाहिली, पण पाटीवर ‘तोंड आतल्या बाजूस’ एवढं वाढवून मंडळानं तोही प्रश्न मिटवला.

मूल्यांकन अधिकारी आला, गाडीतळावर गेला आणि भारावला. त्यानं इतर गावांतले स्वानुभवी सदस्य पाहिले होते. कुणी मित्राच्या सोफ्यावर, कुणी तंबूत, सगळा विस्कळीत कारभार. इथे पाटीसकट व्यवस्था होती. त्यानं काच खाली करायला लावून ग्लेनिसला विचारलं, ती समाधानी आहे का.

“अर्धी,” ग्लेनिस म्हणाली.

हे उत्तर संस्थेच्या वार्षिक अहवालात मोठ्या अक्षरांत छापलं गेलं.

फ्लॅट बांधून झाले. पुन्हा थंडीच्या दिवसांत, पण झाले. ग्लेनिसच्या मागे यादीत ज्यांची नावं होती ते पाच जण राहायला आले आणि एकेकानं गाडीपाशी येऊन तिचे आभार मानले. सहावा फ्लॅट मंडळानं कार्यालयासाठी ठेवला, कारण लोकांसाठी काम करणाऱ्यानं लोकांत राहिलं पाहिजे. राहायला अर्थात कुणी नव्हतं. पण त्यात ओव्हन होता, आणि ग्लेनिसचे टोस्ट आता सगळ्यांना नकोसे झाले होते. तेव्हा थाळीपुरती किल्ली तिला देण्यात आली.

सभेच्या दिवशी दुपारची बस लावून ती तिथे जायची आणि भोपळ्याचे स्कोन, म्हणजे छोटे गोडसर पाव, भाजायची. ओव्हन बंद केल्यावरही त्याचं दार उघडं टाकून त्याच्यासमोर जमिनीवर बसून राहायची, तो पुरता निवेपर्यंत. गस तिच्या मांडीवर डोकं ठेवून घोरायचा. मग ती उठायची, चुरा पुसायची आणि दाराला बाहेरून कुलूप लावून गाडीकडे जायची. स्कोन अप्रतिम असायचे. परिस्थितीचा उल्लेख आता फादर क्लेमेंटही करीत नसत.

तिनं एकदा राजीनामा देऊन पाहिला. नेव्हिलनी समजावून सांगितलं की अनुदान चालू आहे तोवर अनुभवही चालू राहिला पाहिजे. बदली सदस्य मिळाला तर गोष्ट वेगळी. लोरेटा म्हणाली की ती बघते, तिच्या दोन-तीन भाडेकरूंचे करार संपतच आलेत. ते ऐकून ग्लेनिसनं राजीनामा परत घेतला.

फ्लॅटचं रीतसर उद्घाटन मागाहून झालं, आणि त्याला सगळं गाव लोटलं. वारा बोचरा होता, पण तव्यावर सॉसेजेस तडतडत होते, आणि प्रत्येक जण आपापली थाळी घेऊन आला होता. नेव्हिलचं भाषण झालं. फादर क्लेमेंटनी आशीर्वाद दिला. मग नेव्हिल म्हणाले की ज्या अनुभवाच्या पायावर ही इमारत उभी आहे तो अनुभव आता दोन शब्द बोलेल.

ग्लेनिसनं बस चालवतानाचंच जाकीट घातलं होतं. तिनं माइक हातात घेतला, त्याच्याकडे जरा बघितलं.

“मला हॉर्नची सवय झालीय,” ती म्हणाली. सगळे खूप हसले. तीही हसली. मग म्हणाली, “फ्लॅट छान झालेत. मला मिळणार नाही, ते मला समजलंय, सारखं सारखं समजावू नका. पण माझी थंडी काही मंडळावर नाहीये. तर मी सरळच विचारते. इथे सगळी आपलीच माणसं आहेत, तुमची पोरं रोज माझ्या बसमध्ये बसतात. ज्याच्या घरात एक खोली रिकामी आहे, त्यानं नुसता हात वर करा. भाडं देईन मी. गस भुंकत नाही.”

वारा एकदम पडल्यासारखा झाला. सॉसेजेस उलटणाऱ्यानं उलटणं थांबवलं. नेव्हिल आकाशाकडे बघू लागले. फादर क्लेमेंटनी डोळे मिटले, तेव्हा ते प्रार्थना करताहेत असं आम्ही धरून चाललो. लोरेटा गर्दीवर नजर फिरवत होती, कुणाकडे खोली रिकामी आहे ते तिलाही कळलं असतं तर बरंच होतं. माझ्या घरामागची खोली माझ्या डोळ्यांपुढे आली. तिच्यात शिवणाचं मशीन आहे आणि पाहुण्यांसाठी पलंग. पाहुणे तीन वर्षांत आलेले नाहीत, पण पलंग आहे म्हटल्यावर येऊ शकतात.

ग्लेनिस थांबली. चांगली थांबली. मुलं रस्ता ओलांडेपर्यंत ती बस थांबवते तशी.

“बरं,” ती म्हणाली. “सोमवारी बस नेहमीच्या वेळेला.” माइक नीट बंद करून तिनं तो नेव्हिलच्या हातात दिला, आणि गसला घेऊन ती बोलिंग क्लबच्या दिशेनं चालायला लागली.

कुणी असं समजू नये की आमचं मन झालं नाही. सगळ्यांचंच झालं. पण आमच्या एका हातात थाळी होती आणि दुसऱ्या हातात सॉसेज, आणि अशा वेळी माणूस हात वर तरी कसा करणार?

तुमचं तसं नाही. तुम्ही आरामात वाचत बसला आहात, आणि वाचायला एक हात पुरतो.