खोळीखालचा संगणक

संगणकशास्त्रात उत्तीर्ण झाल्याशिवाय शाळा पूर्ण केल्याचा दाखला मिळणार नाही, असे परिपत्रक आले आणि देश त्याच दुपारी प्रगत झाला. शिकवणार कोण, एवढा किरकोळ मुद्दा उरला. तो मुख्याध्यापकांनी शिवणाच्या बाईंवर ढकलला.

"सर, मी जन्मात संगणकाला हात लावलेला नाही."

"खोळी कोणी शिवल्या?"

"मी."

"मग? अख्ख्या शाळेत संगणकाच्या इतक्या जवळ दुसरं कोण गेलंय?"

खोळी बाईंनीच शिवल्या होत्या खऱ्या. धूळ बसू नये म्हणून खोळींच्या कापडाची खरेदी आधी मंजूर झाली. संगणकांची अजून विचाराधीन होती. नव्याकोऱ्या खोळी चुरगळू नयेत म्हणून शिपायाने त्या रिकाम्या खोक्यांवर चढवल्या. पुढे पाहणीला आलेल्या साहेबांनी दारातूनच "वा!" म्हटलं, आणि खोकी कागदोपत्री संगणक झाली.

प्रश्न पहिला: संगणक म्हणजे काय?
उत्तर: खोळीखाली असतो तो.

वर्गाने वर्षभर हे घोकलं. माऊस उजव्या हातात धरतात म्हणून मुलं बाकावर खोडरबर फिरवायची. हळूहळू बाईंनाही जोर चढला. "संगणक तापल्यास खोळीची नाडी सैल करावी," असं त्यांनी स्वतःच्या डोक्याने फळ्यावर लिहिलं. मंडळाने ते पुस्तकात घेतलं.

याच वर्गात बाईंची लेक होती. नर्सिंगच्या कॉलेजात तिची जागा पक्की झाली होती. दाखला तेवढा हवा होता.

प्रात्यक्षिकाला बाहेरचे परीक्षक आले. एकेकाने खोळीवर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "मी संगणक स्वतः हाताळला आहे." मुलं धडाधड पास होत होती. लेकीची पाळी आली. तिने खोळच उचलली.

खाली खोका. त्यावर छापलेलं: काचेचे पेले, जपून उचला.

"अगं आई, हा तर..."

"शाळेत बाई म्हणायचं," बाई पुटपुटल्या.

परीक्षकांनी चष्मा पुसला. "खोळ काढायला सांगितलं होतं?"

"नाही. पण सर, आत खोका आहे!"

"खोका अभ्यासक्रमात नाही. बाई, विषय तुमचा. काय करायचं?"

बाईंनी लेकीकडे पाहिलं. मग दारात उभ्या मुख्याध्यापकांकडे पाहिलं.

"नापास," त्या म्हणाल्या. आणि खोळीची एक शिवण उसवली होती, तिच्यावरून बोट फिरवत त्यांनी खोळ पुन्हा खोक्यावर नीट बसवली.

घरी बाईंचा बांध फुटला. "एक वाक्य म्हणायला तुझी जीभ झिजणार होती का गं?"

"खोटं होतं ते."

"सगळ्यांनी म्हटलं ना! पुढच्या वर्षी मुकाट्याने म्हण."

"पुढच्या वर्षी माझी जागा राहील का, आई?"

बाईंनी फोन हातात घेतला. निकाल शाळेच्या नव्या ॲपवर भरायचा होता. पडद्यावर लांबलचक मजकूर आला, तळाशी इवलासा चौकोन: 'मी सर्व अटी वाचल्या आहेत व त्या मला मान्य आहेत.' बाईंनी मजकुराकडे न बघता चौकोनावर बोट टेकवलं.

प्रश्न शेवटचा, फक्त वाचकांसाठी: या चौकोनावर तुम्ही कधी खरं बोलून बोट टेकवलंत?

सूचना: खरं उत्तर देणाऱ्यास नापास करण्यात येईल.