सेतूराव भिजले

तीर्थ हातावर पडलं की माणसं डोळे मिटतात. आमचे सेतूराव कोटाच्या आतल्या खिशातून थर्मामीटर काढत. पुजाऱ्याची पळी वरच्या वर थांबवून त्यात तो बुडवत, उजेडाकडे धरून आकडा वाचत आणि वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलाला ऐकू जावा अशा आवाजात साऱ्या देवळाला सांगत. मगच तीर्थ पीत. पीत मात्र नेमाने, कारण त्यात वेलदोडा असे.

सेतूराव कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत आणि आमच्या शेजारी राहत. कुंभकोणममधली आमची आळी मराठी. पूर्वज तंजावरच्या राजांबरोबर आले. राजे गेले, गोरा साहेब आला, आम्ही इथंच. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. पुण्याकडचा पाहुणा आमचं बोलणं ऐकून पणजोबा भेटल्यासारखा बघतो.

सेतूरावांचं ब्रीद एकच, 'मोजलंस काय?' रसम फार गरम आहे म्हटलं, मोजलंस काय? यंदा ऊन कडक आहे, मोजलंस काय? माझी बायको एकदा म्हणाली की ह्यांच्यासारखा आळशी माणूस त्रिभुवनात नाही. भिंतीपलीकडून तोच प्रश्न आला. तेवढा एकदाच तो माझ्या कामी आला.

पट्टीश्वरमच्या वाटेवर एका मारुतीला घाम फुटतो अशी बातमी आली. आळी गाड्या जुंपून निघाली. सेतूराव गार पाण्याचा तांब्या घेऊन गेले आणि तो मारुतीशेजारी ठेवून बसले. थोड्या वेळात तांब्यालाही घाम फुटला. सेतूराव उभे राहिले आणि दगड गार असतो, हवा दमट असते, यावर त्यांनी तमिळमध्ये खणखणीत व्याख्यान दिलं. लोकांनी मन लावून ऐकलं. संध्याकाळी आम्ही परतताना तांब्याला कुणी तरी कुंकू लावलं होतं आणि पुढ्यात दोन केळी ठेवली होती. सेतूरावांनी केळी खाल्ली. त्यांच्या मते पुरावा नष्ट करणं आवश्यक होतं.

घरात थोरली बहीण, अक्का. आई गेल्यावर तिनंच त्यांना वाढवलं. विधवा, विठ्ठलाची भक्त, डोळ्यांत मोतीबिंदू, पाय निकामी. तिच्या पूजेचं पाणी रोज सेतूराव विहिरीतून ओढत आणि सोवळ्यात आणून ठेवत. मी एकदा खोचकपणे विचारलं, तर म्हणाले, 'मी पाणी अक्काला देतो. पुढं ती कुणाला देते, ते तिचं.' अक्काला भावाच्या नास्तिकपणाचं भारी कौतुक. 'आमचा सेतू लटकं बोलत नाही,' ती म्हणे. 'देव नाही म्हणतो, तेही मनापासून म्हणतो.'

आणि महामघम आलं. बारा वर्षांतून एकदा, तमिळ माशी महिन्यात, म्हणजे आपल्या माघात, गंगेसकट साऱ्या नद्या आमच्या तळ्यात येतात आणि लाखो माणसं बुडी मारतात. मागच्या खेपेला अक्काचं कुंकू नुकतंच पुसलं होतं, म्हणून ती घरातून हलली नव्हती. पुढची खेप तिला दिसणार नव्हती. ती बोलत काही नसे. फक्त स्नानाचं लुगडं पेटीतून काढून पुन्हा घडी घालून ठेवी.

मेळ्याआधी तळं उपसतात. तळातले झरे उघडे पडले आणि सेतूराव कोटासकट चिखलात उतरले. झऱ्याझऱ्यात थर्मामीटर घालून, गुडघाभर माखून ते वर आले आणि पायरीवरूनच निकाल दिला. हे पाणी आपल्या कावेरीचं, वाळूखालून झिरपलेलं. गंगेला यायचंच असतं तर ती रेल्वेनं आली असती.

आळी खवळली. आमच्या विठ्ठलमठाचा रिवाज असा की मेळ्यात म्हाताऱ्या माणसांना मठाची पोरं डोलीत घालून तळ्यावर नेतात. मठाचे गोविंदबावा सेतूरावांच्या ओसरीवर आले. मी दोन ओसऱ्यांमधल्या कठड्याला कान लावूनच होतो. बावा म्हणाले, डोली येईल, पण आधी सेतूरावांनी मठात येऊन थर्मामीटर विठ्ठलाच्या पायावर ठेवावा आणि चुकलो म्हणावं.

'चुकलो असेन तर मोजून दाखवा,' सेतूराव म्हणाले.

'मग अक्काची डोली कोण उचलील?'

'तुमचा विठ्ठल सगळ्यांचा भार वाहतो ना? त्याला पाठवा.'

बावा तडक गेले. आत पेटीचं झाकण वाजलं.

मेळ्याच्या दिवशी, भर दुपारी, त्यांनी धोतर खोचलं, वर कोट घातला आणि अक्काला पाठुंगळी घेतलं. पुढं मी, छत्री परजत, 'वळि विडुंगो' ओरडत वाट मागतोय. पाठीवर बहीण घेतलेला भाऊ पाहून परगावचे यात्रेकरू गहिवरले. साक्कोट्टैचा एक शेतकरी तर त्यांच्या पायाच पडला. 'मी देव मानत नाही,' सेतूराव गरजले. शेतकऱ्यानं दुसऱ्यांदा नमस्कार केला.

पोलिसांनी बांधलेल्या दोराला धरून आम्ही पाण्यात उतरलो. पायरीवर गोविंदबावा उभे होते. सेतूराव चिखलात पाहून ठेवलेल्या एका झऱ्यापाशी गेले आणि छातीभर पाण्यात अक्काला धरून थांबले. ती बुडी मारीना. आंधळे डोळे त्यांच्याकडे वळवून म्हणाली, 'सेतू, गंगा आली काय रे? तू सांगशील ते खरं.'

वाळूखालची कावेरी मला तोंडपाठ होती.

त्यांनी थर्मामीटर काढला. आधी वरच्या पाण्यात धरला, मग खांद्यापर्यंत हात बुडवून तिच्या पायाशी. उन्हाकडे धरून वाचला. पुन्हा बुडवला, पुन्हा वाचला.

'वरचं पाणी ऊन आहे, अक्का. तुझ्या पायाखाली गार आहे. खालून नवं पाणी येतंय.'

'खरंच?'

'मोजलंय.'

अक्का हसली आणि नाक धरून पाण्याखाली गेली. ती घसरू नये म्हणून तिच्याबरोबर सेतूरावही गेले, कोटासकट.

वर आलो तर बावा वाटच पाहत होते. 'झालं ना स्नान, सेतूराव?'

'मी भिजलो,' सेतूराव म्हणाले. 'स्नान अक्कानं केलं.'

घरच्या वाटेवर गर्दी विरळ झाली, तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हटलं, 'कावेरीचं का नाही सांगितलंत?'

'थर्मामीटरवर अंश असतात. नदीचं नाव नसतं.'

हे ते इतक्या हळू बोलले की मला कान जवळ न्यावा लागला. त्यांच्या खांद्यावर ओलं डोकं टेकून अक्का झोपली होती.