दुखवट्याचा फराळ

चतुराबाई आषाढात गेल्या, आणि येत्या दिवाळीला घरात कढई चढणार नाही या एका गोष्टीचा दिनकररावांना फार मोठा आधार वाटू लागला.

म्हणजे दुःख होतंच. पण दुःखाचाही काहीतरी उपयोग असतो. ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरानं पहिल्या सणाला तळण करायचं नाही, हा रिवाज ज्या कुणी पाडला त्याला साखरेचा आजार असला पाहिजे, असं दिनकररावांचं मत झालं होतं. त्यांना स्वतःला तो होता. पूर्णा जंक्शनवर पार्सल क्लार्क म्हणून सगळी नोकरी झाल्यावर रेल्वेनं त्यांना निरोपाला भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि त्याच महिन्यात डॉक्टरनं साखर असल्याचं सांगितलं. घड्याळ लवकरच बंद पडलं. साखर चालू राहिली.

तेव्हापासून दरसालची दिवाळी म्हणजे नवरा-बायकोतली लढाई होती. चतुराबाई आल्यागेल्यासाठी फराळ करत आणि लपवून ठेवत. कधी गव्हाच्या कोठीत, कधी वाकळांच्या चळतीत, एकदा तर देवघरात देवांच्या मागं. पण हरवलेली पार्सलं हुडकण्यात ज्याची हयात गेली, त्याच्यापासून करंजी कितीशी लपणार? दिनकरराव हुडकून काढत आणि हमखास पकडले जात. चतुराबाई परसात धुणं धूत असल्या तरी डब्याचं झाकण निघाल्याचं त्यांना कळे. मग जे भांडण जुंपे ते तुळशीच्या लग्नापर्यंत चाले. ऐकणाऱ्याला वाटावं, ही माणसं एकमेकांना फार कंटाळली आहेत.

तेरावं झाल्यावर त्यांची एकुलती एक लेक कावेरी म्हणाली होती, "अण्णा, घराला कुलूप घाला आणि चला माझ्यासंगं गंगाखेडला."

"मला इथं काय तकलीफ आहे?"

"तुमच्या तोंडाची तकलीफ आहे. आता राखण कोण करणार? बरं, असं करू. दिवाळी झाली की मी येऊन लघवी तपासते. साखर निघाली की मग तुमचं काही ऐकायची नाही."

कावेरी गंगाखेडला एका दवाखान्यात नर्स होती आणि बोलल्याप्रमाणे करण्याची वाईट सवय तिला आईकडून आली होती.

गंगाखेडला जायला दिनकरराव तयार नव्हते. जावई भला माणूस होता, पण साखर कारखान्यात असल्यानं उसाशिवाय दुसरं बोलत नसे. हे झालं सांगायचं कारण. खरं कारण असं होतं की, संध्याकाळी स्टेशनावर चक्कर मारून आल्यावर कुठली गाडी किती लेट आहे हे दिनकरराव अजून स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहून सांगत. उत्तर येत नसे. चतुराबाई होत्या तेव्हाही त्या उत्तर देत नसत, त्यामुळं फार फरक पडला नव्हता. गंगाखेडच्या स्वयंपाकघराला हे सांगून चाललं नसतं.

तर, कढई चढणार नव्हती. घरात तळलेलं येणार नव्हतं. चोरायलाच काही नसेल तर चोर आपोआप साधू होतो. दिनकरराव निर्धास्त होते.

वसुबारसेच्या सकाळी समोरच्या धुरपताबाई पदराखाली डबा झाकून आल्या.

"बाबू, घ्या. अनारसे हायत आन् वरतून शेव घातलीय."

"अहो, पण यंदा आमच्याकडं सण नाही."

"म्हनून तर आनलं. ज्या घरी कढई चढत न्हाई त्या घरी गल्लीनं द्यायाचं आसतं. येवढं बी म्हाईत न्हाई का तुमाला?"

खरोखरच माहीत नव्हतं. चतुराबाई दरवर्षी एकदोन दुरड्या झाकून कुणाकुणाकडं जात हे त्यांनी पाहिलं होतं, पण ती आपल्यापासून माल लांब ठेवण्याची तजवीज आहे अशी त्यांची समजूत होती.

"धुरपताबाई, मला साखर आहे."

"मला म्हाईत न्हाई का? आमच्या मामंजीला बी व्हती. लाडू खातच गेले."

"कशानं गेले?"

"साखरंनंच की," धुरपताबाई म्हणाल्या. "पन समाधानानं गेले."

"मग मला कशाला देता?"

"तुमाला कुठं देयलाव? घराला देयलाव. दिवाळीत घर रिकामं दिसू न्हाई."

दिनकररावांनी डबा घेतला. दुपारी मनकर्णा आली. तिचा नवरा इंजनावर फायरमन होता. तिनं परात भरून चकल्या आणल्या होत्या. "काका, काकूनंच शिकिवल्यात ह्या," एवढंच म्हणून तिनं डोळ्याला पदर लावला. रडणाऱ्या बाईला परात परत कशी देणार? संध्याकाळपर्यंत बुंदीचे लाडू आले, शंकरपाळे आले, चिवडा तर चार प्रकारचा आला. कुणालाही नाही म्हणता येईना. दुःखाच्या घरानं डबा नाकारला तर संबंध संपला असा अर्थ होतो, आणि त्या गल्लीत संबंध संपवणं कुणालाच परवडणारं नव्हतं. नळ एकच होता.

घराला असा वास सुटला की, चतुराबाई असत्या तर त्यांनी दिनकररावांना ओट्यावर बांधून घातलं असतं. दिनकररावांनी सगळे डबे माळ्यावर टाकले. पण आजवर दुसऱ्यानं लपवलेलं हुडकायचं होतं, आपणच लपवलेलं आपल्याला सापडू नये म्हणून काय करावं हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. शेवटी त्यांनी शिडी शेजारच्या आश्रुबाला रंगकामाला देऊन टाकली, तोंडात मेथ्या धरल्या आणि ते स्टेशनावर जाऊन बाकड्यावर बसले. तिथं भजी तळत होते. परत आले तेव्हा उंबऱ्यावर आणखी दोन डबे होते, आणि शिडी नसल्यामुळं ते आता खालीच ठेवावे लागणार होते. आश्रुबानं शिडीच्या बदल्यात करंज्या पाठवल्या.

धनत्रयोदशीला दिनकररावांमधला पार्सल क्लार्क जागा झाला. आलेला माल पुढं रवाना करायचा! भांडी परत द्यायचीच होती, आणि भांडं रिकामं परत देऊ नये एवढा रिवाज त्यांना माहीत होता. दुखवट्याच्या घरानं मात्र रिकामंच परत द्यायचं असतं, हा रिवाजाचा उरलेला अर्धा भाग बायकांकडं होता. त्यांनी आश्रुबाकडून घटकाभर शिडी आणून माळ्यावरचा माल उतरवला, धुरपताबाईंच्या डब्यात मनकर्णाच्या चकल्या भरल्या, मनकर्णाच्या परातीत धुरपताबाईंचे अनारसे रचले, आणि दोन्ही माल पोचता करून हात झटकले.

पाठोपाठ धुरपताबाई आल्या. चेहरा गंभीर होता.

"बाबू, ह्या चकल्या मनकर्णीच्या हायत."

"कशावरून?"

"तिच्या सोऱ्याच्या चकतीचा येक दात मोडलाय. साऱ्या गल्लीला वळखू येत्यात. तिनंच देयाला लावल्या का मला?"

दिनकररावांना आठवलं की या दोघी पोळ्यापासून बोलत नाहीत. नळावर घागर आधी कुणाची, यावरून एकमेकींच्या माहेरापर्यंत गेल्या होत्या. खरं सांगावं तर त्यांनी दिलेला फराळ आपण वाटून टाकायलोत असं होणार. ते गप्प बसले. धुरपताबाईंनी गप्प बसण्याचा व्हायचा तो अर्थ केला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पोरगी मनानं चांगली हाय. मीच लय बोलले हुते तिला," त्या म्हणाल्या. "थांबा."

घरी जाऊन त्या बेसनाच्या लाडवांचं ताट घेऊन आल्या. "हे तिला द्या. मला जायाची लाज वाटायलीय. आन् हा दुसरा डबा तुमाला."

तिकडं मनकर्णानंही परातीतले अनारसे ओळखले होते. तीही शंकरपाळ्यांचं ताट घेऊन आली, धुरपतामावशीला पोचवा म्हणाली, आणि काकांसाठी वेगळी पुरचुंडी ठेवून गेली.

गोष्ट गल्लीत पसरली. पार्सलबाबूंच्या हातून पाठवलं की समोरचं माणूस विरघळतं म्हणे. गल्लीत इतकी भांडणं आहेत याची दिनकररावांना कल्पना नव्हती. जावा-जावांची होती, भिंतीची होती, शेळीनं खाल्लेल्या कोथिंबिरीवरून झालेलं एक तर दोन पिढ्या चाललं होतं. लक्ष्मीपूजनाला लोक ताटं घेऊन येऊ लागले. दिनकरराव ओट्यावर बसून माल उतरवून घेत आणि पुढं धाडत. एकेकाचा रुसवा निघत होता, आणि जो येई तो स्वतःच्या खुशीनं त्यांच्यासाठी एक जादा डबा ठेवून जाई.

भाऊबीजेपर्यंत गल्लीत एकही भांडण उरलं नाही, आणि दिनकररावांच्या घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. खाटेवर डबे, खाटेखाली डबे, बंद पडलेल्या घड्याळाखालच्या फळीवर चिवड्याचं पातेलं. त्या सगळ्याच्या मधोमध बसून ते ज्वारीची भाकरी आणि बिनगुळाची आमटी खात. पण शेवेची एक काडीही त्यांनी तोंडात टाकली नाही. स्वतःचा त्यांना इतका अभिमान कधीच वाटला नव्हता, आणि तो सांगायला घरात कुणी नव्हतं. एकदा त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन सांगून पाहिलं. नेहमीप्रमाणं उत्तर आलं नाही.

कावेरी सकाळच्या गाडीनं आली. दारातून आत बघताच तिनं कपाळाला हात लावला.

"आता काय तपासायचं राहिलंय, अण्णा?"

"तपास की," दिनकरराव मांडी ठोकून म्हणाले.

तिनं पिशवीतून काचेची नळी, निळ्या औषधाची बाटली आणि स्पिरिटचा दिवा काढला. लघवीत साखर असली की हे निळं औषध तापवल्यावर हिरवं, पिवळं होत विटकरी होतं. कावेरीनं नळी दिव्यावर धरली. औषध उकळलं, आणि निळं ते निळंच राहिलं. तिनं औषध बदलून पुन्हा केलं. पुन्हा निळं.

दिनकररावांनी मिशीवरून हात फिरवला.

कावेरीनं उठून एकेका डब्याचं झाकण उघडून बघितलं. सगळे काठोकाठ भरलेले होते. मग ती खाटेच्या कडेला, दोन डब्यांच्या मधे बसली.

"यातलं काहीच खाल्लं नाही?"

"काहीच नाही."

"चोरून पण नाही?"

"चोरून कुणाचं? सगळं माझंच आहे."

कावेरीचे डोळे भरून आले. ती परसात गेली, दोरीवरची धोतरं काढून आणली आणि घड्या करून पिशवीत भरू लागली.

"अगं, काय करायलीस? नळी निळी आहे."

"म्हणूनच. लाल झाली असती तर रागावले असते, गोळी वाढवली असती आणि निवांत गेले असते. आई होती तेव्हा तुमी देवाच्या मागून करंज्या काढून खायचात. आता उघड्या डब्यांत बसून भाकरी खायलात. जीव कशातच राहिला नाही की माणूस असं करतंय. दवाखान्यात रोज बघते मी."

"पण तूच म्हणाली होतीस..."

"म्हणाले होते. तुमी ऐकाल असं कुठं वाटलं होतं? जन्मात कधी कुणाचं ऐकलंत?"

साखर निघाली तर गंगाखेड ठरलं होतं, आता नाही निघाली तरी गंगाखेड. दिनकररावांनी जवळचा डबा ओढला आणि बेसनाचा एक लाडू उचलला.

"बघ. खातो की नाही बघ."

हात तोंडाच्या अलीकडं थांबला. त्यांची नजर परसाच्या दाराकडं गेली. कान टवकारल्यासारखे ते क्षणभर तसेच राहिले. मग त्यांनी लाडू पुन्हा वर नेला, आणि हात पुन्हा तिथंच थांबला.

"कुणाची वाट बघायलात?" कावेरीनं विचारलं.

"कुणाची नाही."

"कुणी काही म्हणणार नाही, अण्णा. खा."

दिनकररावांनी लाडू डब्यात परत ठेवला.

"मग नको," ते म्हणाले.

बाहेर नळाला पाणी आलं होतं, आणि गल्लीतल्या बाया एकमेकींना आधी घागर लावायचा आग्रह करत होत्या.

"गंगाखेडला मी म्हणीन की," कावेरी हळूच म्हणाली. "खाऊ नका म्हणून रोज म्हणीन."

"तुला नाही जमायचं."

"का?"

"तू समजावून सांगतीस."

कावेरीनं पिशवीतली धोतरं बाहेर काढली आणि परसात जाऊन एकेक करून परत दोरीवर टाकली. वाळलेलीच होती, तरी तिनं ती नीट झटकून, ताणून घातली. तिला वेळ लागला. आत आली तेव्हा चेहरा धुतलेला होता. खाटेवर बापाशेजारी बसून तिनं तोच लाडू उचलला आणि अर्धा मोडून खाल्ला.

"कसा आहे?" दिनकररावांनी विचारलं.

"गोड आहे."

"असेल," ते म्हणाले, आणि त्यांनी डब्याला झाकण लावलं.